दारं माझ्याकडे होती

मी लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. लिफ्ट बंद पडली की लोक फोन करतात आणि मी सांगतो, "मेकॅनिक निघालाय." मेकॅनिक निघालेला असो, जेवायला बसलेला असो किंवा नोकरी सोडून गेलेला असो, माझं वाक्य बदलत नाही. आजवर मी एकही लिफ्ट दुरुस्त केलेली नाही (घरातली कुठलीही वस्तू मी दुरुस्त करायला घेतली की बायको तिचं नवीन मॉडेल बघायला लागते), पण धीर देण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. असं असताना बायकोचं अंतराळयान सारखं फुटतंय हे पाहून ते आपण दुरुस्त करावं असं मला वाटलं. सगळं तिथून बिघडलं.

हे यान कॉम्प्युटरवरच्या एका खेळातलं. सासूबाई शेवटी शेवटी आमच्याकडे, मागच्या खोलीत होत्या. दुखणं लांबलं तेव्हा धाकटा मेहुणा रजा काढून येऊन राहिला. आजारी माणसाच्या उशाशी बसून माणूस भिंतीकडे तरी किती वेळ बघणार? त्याने तिथल्या कॉम्प्युटरवर हा खेळ घेतला. पुढे सासूबाई गेल्या. मेहुणा त्याच्या घरी गेला, भाड्याची कॉट दुकानात गेली, औषधांचा वासही हळूहळू गेला. खेळ तेवढा राहिला.

एके संध्याकाळी कामावरून आलो तर ही दिवा न लावता त्या खोलीत बसलेली. मला वाटलं, रडतेय. दबकत जवळ गेलो तर ही शत्रूच्या इंजिनावर क्षेपणास्त्र सोडत होती.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. कोणी पत्ते खेळायला बोलावलं तर "मला पेपर तपासायचेत" म्हणून उठणारी बाई. तिला या खेळाने कसं काय धरलं हे मला कळेना. खेळ तसा सोपा आहे, म्हणजे समजायला. घराचं छप्पर काढून वरून पाहावं तसं एक लहानसं यान दिसतं. इंजिनाची खोली, तोफांची खोली, औषधाची खोली, मध्ये दारं. आत चार माणसं. मागून शत्रूचं आरमार येत असतं, त्यामुळे एका जागी थांबायची सोय नाही. पुढच्या ताऱ्यावर उडी मारायची, आणि तिथे काय वाढून ठेवलंय ते उडी मारल्यावरच कळतं. कधी व्यापारी भेटतो, कधी चाचे, कधी काही कारण नसताना आग लागते. आणि मेलात की मेलात. मागे जाऊन दुरुस्ती करायची सवलत नाही. पुन्हा पहिल्या ताऱ्यापासून नवा डाव, आणि त्या डावात आकाशच सगळं बदललेलं.

"म्हणजे मागच्या डावातलं काहीच हाती राहत नाही?" मी विचारलं.

"राहते की. अक्कल."

(हा शब्द आमच्या घरात निघाला की मी विषय बदलतो.)

एक सोय मात्र त्या खेळात फार चांगली होती. स्पेसबार दाबला की सगळं जिथल्या तिथे थांबायचं. सुटलेला गोळा वाटेत, आग अर्ध्या दारात, माणसं एक पाय उचललेली. मग ही हनुवटीला हात लावून विचार करायची. कोणाला कुठे पाठवायचं, कशाची वीज काढून कशाला द्यायची. एकदा अशीच थांबलेल्या पडद्याकडे बघत म्हणाली, "तेव्हा हे बटण असतं तर किती बरं झालं असतं."

तेव्हा म्हणजे केव्हा, ते मला कळलं होतं. मी म्हणालो, "होईल गं सगळं नीट." म्हणजे मेकॅनिक निघालाय.

यानातल्या माणसांना नावं देता येतात. सुकाणूवर ही स्वतः होती. तोफांवर धाकटा. औषधाच्या खोलीत आई.

"आणि मी?"

"हे काय, दारांच्या खोलीत. 'अहो' लिहिलंय बघा."

"मी काय करायचं?"

"दारं उघडायची, लावायची. तेवढं जमेल तुम्हाला."

(त्या खोलीत कोणी नसलं तरी दारं उघडतात, हे मला पुढे कळलं.)

तर यानातली आई रोज जायची. कधी आगीत, कधी चाच्यांशी झटापटीत, कधी हवा संपून. एकदा शेजारच्या काकू आमची छत्री परत द्यायला आल्या आणि आतून हिचा आवाज आला, "अहो, आईला हवा मिळत नाहीये! मरेल ती! आणि तुम्ही चहा काय पिताय?"

काकूंच्या हातातली छत्री आपोआप उघडली. "कोणाची आई?"

"हिची."

"त्या तर..."

"हो, त्या गेल्याच. आता परत जातायत."

तेवढ्यात आतून हुंदका आला आणि पाठोपाठ "गेली" असं ऐकू आलं. काकू छत्री तशीच उघडी धरून घरी गेल्या. ती छत्री अजून त्यांच्याकडेच आहे आणि मागायला जायची माझी हिंमत नाही.

आई गेली की ही डोळे पुसायची, "इंजिनाची वीज काढून हवेला द्यायला हवी होती," असं काहीतरी पुटपुटायची आणि लगेच पुन्हा पहिल्या ताऱ्यावर. मला ते बघवेना. मलाही सासूबाईंची आठवण यायची. आतून हाक मारून त्या मला पंखा कमी करायला सांगायच्या आणि मी हमखास वाढवायचो. "राहू द्या, गार वाटतंय," म्हणत त्या पांघरूण ओढून घ्यायच्या. एकदा गेलेलं असं माणूस हिने रोज रोज का घालवायचं? हे थांबवायचं, असं मी ठरवलं.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. ते येऊन गेले की चालू मशीनही बंद पडतं, म्हणून आम्ही त्यांना व्हायरस म्हणतो. मी त्यांना गाठलं.

"यान फुटू नये? सोपं आहे," व्हायरस म्हणाले.

"माणसंही मरू नयेत."

"सगळी?"

"आई तर नाहीच. बाकीच्यांचं बघू."

व्हायरसनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

त्यांनी पेनड्राइव्ह दिला. ही शाळेत असताना मी तो लावला. (आधी उलटा, मग सुलटा करायला गेलो तर पुन्हा उलटा.) सांगितल्याप्रमाणे इथलं तिथे टाकलं, आणि आयुष्यात प्रथमच मी केलेली दुरुस्ती चालली.

अशी चालली की काय सांगू! त्या संध्याकाळी यान फुटलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. ही शेवटच्या ताऱ्यापर्यंत गेली, आरमार बुडवून आली. कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली. मी कानात वारं शिरल्यासारखा घरभर फिरत होतो. तिने तर भावाला फोन लावला. "अरे, आई वाचली!"

त्याने फोन मला द्यायला सांगितला. "भाऊजी, ताईला कोणाला तरी दाखवू या का?"

"काळजी करू नकोस," मी रुबाबात म्हणालो, "मी इलाज केलाय."

नंतरच्या रविवारी दुपारी मी पेपर वाचत होतो. आतून हाक आली, "अहो, जरा इकडे या." आवाज अगदी शांत होता. ही ओरडते तेव्हा मी घाबरत नाही, शांत असली की घाबरतो.

पडद्यावर औषधाची खोली पेटलेली होती. हवा संपलेली. आईच्या डोक्यावर जीव दाखवणारी हिरवी पट्टी असते, ती पार रिकामी. आणि त्या आगीतून आई चालत होती. दारापर्यंत जायची, परत फिरायची, पुन्हा दारापर्यंत.

"आई मरत नाहीये," ही म्हणाली.

"चांगलंच की मग!"

"चार उड्या झाल्या, अशीच फिरतेय. मी मुद्दाम बाहेर काढली नाही. मला बघायचं होतं." मग ती माझ्याकडे वळली. "काय केलंत तुम्ही?"

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. मी व्हायरस, पेनड्राइव्ह सगळं ओकून टाकलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मुलाचं उत्तर चुकलं तर मी नुसती फुली मारत नाही," ती म्हणाली. "कुठल्या पायरीला चुकलं तिथे खूण करते. आईच्या वेळी मी एकेका डॉक्टरला विचारलं, माझं कुठे चुकलं? पहिल्या तापालाच आणायला हवं होतं का? ते ऑपरेशन नको होतं का? सगळे म्हणाले, तुम्ही सगळं बरोबर केलंत. तुम्हीही तेच म्हणालात. सगळं बरोबर होतं तर ती गेली कशी? इथे आई गेली की मला कळतं, मी कुठलं दार उघडं ठेवलं ते. एवढं एकच मला कळत होतं हो. तेही काढून घेतलंत."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे एक वाक्य असतं, नेहमी असतं. त्या दिवशी नव्हतं.

"आणि शेवटी शेवटी ती अशीच होती," पडद्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "काही उरलं नव्हतं तिच्यात. आणि सगळे म्हणत होते, आहे, आहे."

मग तिने कॉम्प्युटर बंद केला. मी दुसऱ्या दिवशी व्हायरसना घरी आणलं आणि केलेलं सगळं काढून टाकायला लावलं. (त्यात बाकीचंही बरंच निघून गेलं. गेल्या परीक्षेचे पेपर त्यातच होते.) खेळ पूर्वीसारखा झाला, पण ही त्या खोलीत जाईना. जेवण, शाळा, झोप. माझ्याशी बोलायची, पण दूधवाल्याशी बोलावं तितकंच. मला फार वाईट वाटत होतं. तिचं दुःख मला कमी करता आलं नाही ते नाहीच, दुःख करायला तिच्याकडे जी एक जागा होती तिथेही मी पाय घातला होता.

शेवटी मीच एका संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसलो. कॉम्प्युटर लावला. पहिल्या ताऱ्यावरच इतके स्फोट घडवले की आवाज ऐकून ही दारात आली.

"काय चाललंय?"

"सासूबाईंचं काय चुकलं ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "तुझं काय चुकलं तेही माहीत नाही. सगळं बरोबर होतं असं मी म्हणालो, तेव्हाही मला माहीत नव्हतं."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "सरका. नवा डाव लावते. दारं तुम्ही बघा."

दुसऱ्याच ताऱ्यावर इंजिनाच्या खोलीत आग लागली. "ऐका," ती म्हणाली, "बाहेरचं दार उघडायचं. हवा निघून गेली की आग विझते. पण त्याआधी..."

मी उघडलं.

आग विझली. अगदी पूर्ण विझली. आत एक माणूस होता, आग विझवायला धावलेला, तोही विझला.

तिने स्पेसबार दाबला. "कोण होतं आत?"

मी वाकून नाव वाचलं. "अहो."

तिच्या तोंडातून एक आवाज निघाला, मला वाटलं ठसका लागला. ती हसत होती. टेबलावर डोकं ठेवून हसली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मी पाठीवर हात ठेवला.

"कळलं का कुठे चुकलं?" बऱ्याच वेळाने तिने नाक पुसत विचारलं.

"कळलं. आधी माणूस बाहेर काढायचा, मग दार उघडायचं."

"शाब्बास."

"नवा डाव लावायचा?"

"कशाला? तिघं आहोत की."

मग मी नुसता शेजारी बसून राहिलो. यान एकेक तारा ओलांडत गेलं, कोणत्याही खऱ्या डावात गेलं नव्हतं इतकं लांब गेलं. शेवटच्या ताऱ्यावर आरमाराचं मोठं जहाज आडवं आलं. हिने थांबून थांबून, विचार करकरून एकेक गोष्ट केली. तरी एक गोळा औषधाच्या खोलीवर बसला आणि आई गेली. मागोमाग यानही.

ही पडद्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते, पहिल्यापासून एकेक पायरी तपासत होती.

"नाही," ती शेवटी हळूच म्हणाली. "इथे माझं काही चुकलं नव्हतं."

"नाही?"

"सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत. तरी गेली." तिने डोळे पुसले आणि त्या खोलीतला दिवा लावला. तिथला दिवा तिने स्वतः लावताना मी फार दिवसांनी पाहत होतो.

मला काहीतरी चांगलं बोलावं असं वाटलं. "पण आज आपण इतके लांब पोचलो, हे कसं काय जमलं गं?"

"तुम्ही लवकर गेलात ना," ती म्हणाली, "हवा पुरली."