प्रमिलाबाईंचे दात

जीवराम मास्तर उभ्या आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही भाईदास कंडक्टरशी. एरंडोल-जळगाव गाडीवर तिकिटं फाडणारा भाईदास त्यांच्याच गल्लीत राहायचा. त्याच्या कानावर घातलेली गोष्ट गाडीच्या आधी मुक्कामाला पोचायची.

झालं असं, की श्रावणापासून मास्तरांच्या पत्नी प्रमिलाबाई गप्प झाल्या होत्या. कारण म्हणावं तर काहीच नाही. भांडण नाही, कुणाचं बरंवाईट नाही. पण बाई जेवेना, झोपेना, वेणी घालेना. नुसती भिंतीकडे बघत बसे. मास्तरांनी अंगारे आणले, पद्मालयाच्या गणपतीला नारळ फोडला, आणि शेवटी धीर करून त्यांना जळगावला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एका कापडदुकानाच्या माडीवर दोन दवाखाने समोरासमोर होते. जिना चढून उजवीकडे मनाचे डॉक्टर, डावीकडे दातांचे.

उजवीकडचे डॉक्टर गोळ्या लिहून देत म्हणाले, "वेळ लागेल, मास्तर. पण ज्या दिवशी त्या खळखळून हसतील, ती तारीख मला सांगा." तेव्हापासून मास्तर खिशात पेन्सिलीचा तुकडा बाळगायला लागले.

दुसऱ्या खेपेला भाईदासनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "काय गुरुजी, दर महिनाले जोडीनं जळगाव? काय काम शे?"

खरं सांगितलं तर गल्ली प्रमिलाबाईंना वेडी ठरवून मोकळी होणार, ही मास्तरांना धास्ती. त्यांच्या डोळ्यांपुढे डावीकडची पाटी आली.

"दात," ते म्हणाले. "हिचा दात दुखतोय."

संध्याकाळी दारात झुंबरअक्का हजर! गल्लीतली सगळ्यात वडीलधारी बाई, पदरात मूठभर लवंगा बांधून आली होती. पुढच्या महिन्यात दुसरा दात दुखला, त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरा. मास्तर बोलत नव्हते, पण भाईदास मोजत होता. तो खेपा मोजायचा, गल्ली दात मोजायची, आणि गल्लीची मोजणी नेहमी पुढे असायची. माघ संपता संपता प्रमिलाबाईंच्या तोंडात एकही दात उरला नाही, असं सर्वानुमते ठरलं. मग घरोघरून शिरा, मऊ खिचडी, पातळ कढी यायला लागली. मास्तरांना नको म्हणता येईना.

इकडे गोळ्या लागू पडत होत्या. एका दुपारी प्रमिलाबाई आपण होऊन म्हणाल्या, "अहो, शिरा खाऊन जीव विटला. एक नागलीचा पापड भाजू का?"

मास्तरांचे डोळे भरून आले. सहा-सात महिन्यांत बाईनं तोंडानं काही मागितलं नव्हतं. त्यांनी स्वतः पापड भाजला. प्रमिलाबाईंनी पहिला तुकडा मोडला, आणि तेवढ्यात दाराबाहेरून झुंबरअक्कांचा आवाज आला.

"पापड कोन खाई राह्यनं व?"

मास्तरांनी झडप घालून उरलेला पापड आपल्या तोंडात कोंबला. "मी, अक्का! मीच खातोय!"

गंमत अशी, की दाढ खरोखर दुखत होती ती मास्तरांचीच. पण एका घरात दोन माणसांचे दात सांगायचे कसे, म्हणून ते महिनाभर सोसत होते. आता त्या दाढेत पापड असा रुतला, की त्यांना काजवे दिसले. झुंबरअक्का आत आल्या, त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, बायकोना तोंडमा एक दात नही, आनि तू तिना पुढे पापड खास? काही लाज?"

मास्तर मान खाली घालून चावत राहिले.

चैत्रात उडदाच्या पापडांचे दिवस आले. झुंबरअक्कांनी फर्मान काढलं, "प्रमिलाले चावता येत नही, पन लाटता ते येई ना? तिनाच अंगनमा बसूत बठ्ठ्या."

झालं! अंगणात पोळपाटांची रांग लागली. मास्तर घाम पुसत पीठ कुटत होते. प्रमिलाबाई आठ महिन्यांनी चारचौघींत बसल्या होत्या. बोलत नव्हत्या, पण हात चालत होता. मास्तरांचं निम्मं लक्ष पिठावर आणि निम्मं त्यांच्यावर.

मध्येच झुंबरअक्कांनी कनवटीची पितळी डबी काढली आणि प्रमिलाबाईंच्या पोळपाटावर ठेवली. "ले व माय. तुन्हाकरता आनेल शे."

प्रमिलाबाईंनी झाकण उघडलं. आत कवळी होती.

"आबानी शे," अक्का मायेनं म्हणाल्या. स्वर्गवासी आबा म्हणजे त्यांचे यजमान. "दोनच साल वापरी बिचारानी. मी राखमा घासीसन चकचकीत करेल शे. तुनी नवी येस तवलगून हाई लाव."

प्रमिलाबाईंनी कवळीकडे पाहिलं. मग मुसळ हातात धरून गार पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलले. मास्तरांना वाटलं, रडते की काय! आणि बाई हसली. पोळपाट बाजूला सारून, पोट धरून, मागे रेलून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी हसली. वरचे सोळा, खालचे सोळा, बत्तीसच्या बत्तीस दात उन्हात लखलखले.

लाटणी थांबली. मास्तरांचा हात आपसूक खिशातल्या पेन्सिलीकडे गेला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपली अब्रू आता या पोळपाटांवर पडली आहे. पण बायको हसत होती. त्यापुढे अब्रूचं काय घेऊन बसायचं?

"दात सगळे आहेत, अक्का," मास्तर म्हणाले. "जळगावचा डॉक्टर मनाचा आहे. श्रावणापासून ही हसली नव्हती. मी खोटं बोललो."

झुंबरअक्कांनी डबी मिटून परत कनवटीला लावली. मग त्या उठून मास्तरांजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्या डाक्तरना पत्ता लिखी दे, मास्तर."

"कुणासाठी, अक्का?"

"मना मोतीलालसाठी. लोकेस्ले मी सांगस, तो सुरतले मिलमा शे. पोऱ्या दिवाळीपाईन मागनी खोलीमा बठेल शे. दारच उघडत नही." एवढं बोलून ती करारी बाई पदर तोंडात कोंबून रडली. प्रमिलाबाईंनी उठून पिठाच्याच हातानं तिला जवळ घेतलं. मास्तरांनी पेन्सिल काढली. पापडाच्या कागदावर आधी तारीख लिहिली, मग पत्ता.

पुढच्या आठवड्यात मास्तरांची दाढ अगदीच ऐकेना. सुजलेल्या गालाला रुमाल बांधून ते एकटेच गाडीत बसले.

"कोठे, गुरुजी?" भाईदासनं विचारलं.

"दातांच्या डॉक्टरकडे."

भाईदासनं इकडेतिकडे पाहिलं आणि तो त्यांच्या शेजारी टेकला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "गुरुजी, आते कसाना पडदा? आम्ही घरनाच शेतस. बायकोकरता बठ्ठं करता करता मानूस थकी जास. तुम्ही कसा शेतस, सांगा ना."

"अरे, खरंच दाढ..." मास्तर म्हणायला गेले, आणि थांबले. आठ महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही. सुजलेल्या तोंडानं ते बोलायला लागले ते जळगाव येईपर्यंत बोलत राहिले. भाईदास मध्ये उठून तिकिटं फाडायचा आणि परत येऊन बसायचा.

गाडी परत सुटायला अर्धा तास होता. भाईदास त्यांना सोडायला थेट माडीपर्यंत आला. जिना संपल्यावर मास्तर डावीकडे, दातांच्या पाटीकडे वळले. भाईदासनं त्यांचा दंड प्रेमानं धरला आणि त्यांना उजवीकडे वळवलं.