बिनपायाच्या नागाने यंत्राला पाय घेतले

एका जंगलात, मुलांनो, एक हाय-फाय, म्हणजे गाणी ऐकायचं भारी यंत्र, होता आणि त्याच्या शेजारी एक नाग राहत होता. नागाचं नाव फणींद्रराव. वारूळ खरं तर त्यांचंच होतं, पण यंत्र आल्यापासून ते स्वतः कोपऱ्यात वेटोळं करून बसत आणि मधली जागा यंत्राला असे. स्पीकर फणसाच्या लाकडाचा होता. तो आत आणताना दाराची एक बाजू पाडावी लागली होती.

नागमंडळींना गाण्यातलं कळतं, अशी जंगलात पूर्वापार समजूत आहे. फणींद्ररावांचे आजोबा एका गारुड्याच्या पुंगीवर तासन्‌तास डोलले होते. खरं तर ते पुंगीकडे बघून डोलत होते. ती सारखी हलत होती, आणि फुंकणारा माणूस काही भरवशाचा दिसत नव्हता. पण ही गोष्ट घराण्याने बाहेर फुटू दिली नाही.

आता आणखी एक गुपित सांगतो. सापाला कान नसतात. तो हनुवटी आणि पोट टेकवून जमिनीतून ऐकतो. मग या गोष्टीतलं बोलणं त्याला कसं ऐकू येतं, असं मध्येच विचारू नका. विचारणाऱ्या मुलांना गोष्ट कळत नाही.

फणींद्ररावांचा स्पीकर एका दगडी पाट्यावर ठेवलेला होता. पाटा त्यांच्या पत्नीच्या, कुंडलाबाईंच्या माहेरचा. वरवंटा धरायला हात नसल्यामुळे त्यावर चटणी कधी वाटली गेली नाही. पण लग्नात कुणीतरी त्यावर हळद सांडली होती, तिचा पिवळा डाग एका कोपऱ्यात राहिला होता.

रोज संध्याकाळी नवराबायको पाट्याच्या कडेला हनुवटी टेकवून पडत. गाणं बहुधा डबक्यावरच्या बेडकांचं असे. फणींद्ररावांना ते इतकं आवडे की त्यांनी बेडूक खाणं सोडलं होतं. निदान गाणारे. ढोलकी सुरू झाली की तिचा ठोका पाट्यातून हनुवटीत शिरे आणि पोटावरून थेट शेपटीपर्यंत जाई. तिथे कुंडलाबाईंची शेपटी त्यांच्या शेपटीवर ठेका धरी. दोघांचं फार चांगलं चाललं होतं. अशा वेळी जंगलात एखादा जाणकार येतोच.

जाणकाराचं नाव रंगोपंत. जातीने सरडा. त्यांनी एक डोळा यंत्रावर ठेवला, दुसरा फणींद्ररावांवर, आणि मान हलवली.

"एवढं उत्तम यंत्र, आणि पाट्यावर?"

"का? काही चुकलं का?" फणींद्ररावांचा फणा थोडा खाली आला.

"जमीन हादरते हो. हत्ती चालतात, रानडुकरं उकरतात. तो सगळा हादरा गाण्यात मिसळतो. आणि गाण्याचा हादरा जमिनीत वाया जातो. यंत्र जमिनीपासून अलग पाहिजे. तुमच्यासारख्या रसिकाला मी काय सांगावं!"

शेवटचं वाक्य नसतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

रंगोपंतांनी रबराच्या झाडाच्या चिकाचे चार मऊ पाय काढले. किंमत एक कात. फणींद्ररावांची कात टाकायची वेळ आली नव्हती, पण त्यांनी बोरीच्या काट्यांत अंग घासून ती टाकली. ज्याला स्वतःला एक पाय नाही, त्याने यंत्राला चार घेतले. पाटा आता अडगळ झाला.

"जड आहे. मीच नेऊन टाकतो," रंगोपंत म्हणाले. सरडा मनाचा मोठा.

पाय बसले. गाणं लागलं. फणींद्ररावांनी हनुवटी टेकवली.

"काय जाणवतंय?" रंगोपंतांनी विचारलं.

"गाणं जरा... लांब गेल्यासारखं वाटतंय."

"वा! पहिल्याच बैठकीत ओळखलंत! गायक मागे सरकला, समोर मैदान उघडलं. लोकांना हे कळायला वर्षं लागतात."

फणींद्ररावांना मैदान दिसू लागलं. गाणं कमी येत होतं, पण मैदान मोठं होतं.

कुंडलाबाई बराच वेळ हनुवटी टेकवून पडून राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, मला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही."

"तुझा कान तयार नाही अजून."

"कान तुम्हालाही नाहीत."

फणींद्रराव दुखावले. घरच्यांना कलेची कदर नसते, हे त्यांनी फक्त ऐकलं होतं, तेही जमिनीतून.

पुढच्या पौर्णिमेला रंगोपंत पुन्हा आले. रबर चांगलं, पण कोळ्याच्या जाळ्याचे पाय आणखी चांगले. एक कात. त्यापुढच्या खेपेला त्यांनी यंत्र वेलींनी छताला टांगलं. आणखी एक कात. फणींद्ररावांची कातडी आता इतकी कोवळी झाली होती की पाचोळाही टोचत असे. शेवटी रंगोपंत म्हणाले, "यंत्र अलग झालं. श्रोता मात्र अजून जमिनीवरच!" आणि त्यांनी शेवरीच्या कापसाची जाड गादी आणली.

फणींद्रराव गादीवर बसले. यंत्र हवेत. जमीन खाली. गाणं सुरू झालं असावं. त्यांना काहीही ऐकू आलं नाही. ढोलकी नाही, बेडूक नाही, काही नाही.

"कशी वाटते शांतता?" रंगोपंतांनी विचारलं.

मुलांनो, इथे खरं बोलायची वेळ होती. पण तीन काती गेल्या होत्या. आणि आजोबा डोळ्यांसमोर डोलत होते.

"काळीभोर," फणींद्रराव म्हणाले. "इतकी काळी शांतता मी आजवर ऐकली नव्हती."

हे अगदी खरं होतं.

मग त्यांनी जंगलातल्या दोन रसिकांना बोलावलं. घुबड आलं, अस्वल आलं. त्या दोघांना कान होते. त्यांना गाणं पूर्वीसारखंच ऐकू येत होतं, तिळमात्र फरक नव्हता. पण नाग डोलत होता आणि नागाला कळतं, म्हणून तेही डोलू लागले. फणींद्रराव घुबडाच्या डोक्याकडे बघून डोलत होते. घुबड त्यांच्याकडे बघून डोलत होतं.

थोड्या वेळाने गाणं संपलं. फणींद्ररावांना ते समजलं नाही. ते डोलतच राहिले. घुबडाने अस्वलाकडे पाहिलं. आपल्याला ऐकू येत नाही असं काहीतरी अजून चालू आहे, असं दोघांनी ठरवलं आणि दोघंही डोलत राहिली. अस्वलाने मध्ये एकदा "क्या बात है!" सुद्धा म्हटलं.

रसिक गेले. फणींद्रराव आनंदाने वळले. "बघितलंस ना? घुबडाला सुद्धा..."

कुंडलाबाई नव्हत्या.

त्या दुपारीच गेल्या होत्या. जाताना सांगूनही गेल्या होत्या, की मी ओढ्याकाठी जाते, तिथे हत्ती पाणी प्यायला येतात, निदान काही तरी ऐकू येतं. एरवी त्यांच्या सरपटण्याची नुसती सळसळ पोटाला लागली तरी फणींद्ररावांना कळे, की ही कुठे निघाली, रागात आहे की नुसती कंटाळली आहे. पण ते गादीवर होते.

चार दिवस ते त्या उत्तम शांततेत एकटे बसले. त्यांना रडू आलं. सापाला रडता येत नाही म्हणतात, पण त्यांना आलं. पाचव्या दिवशी त्यांनी रंगोपंतांना बोलावलं.

"सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त गाणं जरा कमी येतंय. आणि घरात कुणी नाही."

रंगोपंत क्षणभर हिरवे झाले, मग तपकिरी.

"अलग ठेवणं आता जुनं झालं, राव. सगळं जंगल आता जोडायच्या मागे आहे. यंत्राची नाळ भूमीशी जुळली पाहिजे." त्यांनी केळीच्या पानात गुंडाळलेलं एक जड गाठोडं आत ढकललं. "ही भूमिजोड शिळा. जुन्या खाणीची. आता असा दगड निघत नाही. दोन काती."

दोन काती ऐकल्यावरच फणींद्ररावांची खात्री पटली, की दगड चांगला असणार.

स्पीकर खाली उतरला, शिळेवर बसला. गादी बाहेर गेली. फणींद्ररावांनी हनुवटी टेकवली, आणि ढोलकीचा ठोका त्यांच्या अंगातून असा गेला की त्यांना पापण्या असत्या तर त्यांनी डोळे मिटले असते. बेडूक परत आले. सगळे, एकूण एक.

"अहाहा!" ते म्हणाले. "पूर्वी असं कधीच ऐकू येत नव्हतं!"

ठोका जमिनीतून ओढ्यापर्यंत गेला. थोड्या वेळाने फणींद्ररावांच्या पोटाला एक ओळखीची सळसळ लागली. हळू, थोडी रागावलेली, पण घराकडे येणारी.

कुंडलाबाई आत आल्या. त्यांनी दगडाच्या कडेला हनुवटी टेकवली.

"फरक जाणवतोय?" फणींद्ररावांनी भीत भीत विचारलं.

कुंडलाबाईंनी दगडाकडे पाहिलं. कोपऱ्यात हळदीचा पिवळा डाग होता. त्यांनी नवऱ्याच्या सोललेल्या अंगाकडे पाहिलं.

"जाणवतोय," त्या म्हणाल्या. "हा माझ्या माहेरचा पाटा आहे."

फणींद्ररावांनी तो डाग जिभेने चाटून पाहिला. मग हळूच म्हणाले, "हे रंगोपंतांना सांगू नकोस."

"का?"

"माहेरचा म्हटल्यावर तो तीन काती मागेल."

कुंडलाबाईंची शेपटी हळूच त्यांच्या शेपटीवर आली आणि ठेका धरू लागली. जरा जोरात, पण अगदी तालात. ते चार रबरी पाय त्यांनी पाण्याच्या माठाखाली ठेवले. माठ आता डुगडुगत नाही. त्या पायांचा तेवढा उपयोग झाला.

तात्पर्य: घरात असलेल्या वस्तूचा आवाज ऐकू येत नाही. तो ऐकू यावा म्हणून आधी ती वस्तू टाकून द्यावी आणि मग महागात विकत घ्यावी. रसिकता ती हीच. आणि मुलांनो, माझ्या स्वतःच्या स्पीकरखाली गेल्या महिन्यापासून चार पाय आहेत. फरक पडतो. प्रचंड पडतो. माझ्या बायकोला मात्र विचारू नका. ती सध्या ओढ्याकाठी आहे.