तीन मॉनिटरांची गरज

"कामासाठी तीन मॉनिटर लागतात," असं तपासनीसांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायको गणवेशाची बटणं लावत होत्या. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"कुठल्या कामासाठी?"

"ऑफिसच्या."

"मग ऑफिसात एकावर कसं भागत होतं?"

तपासनीस टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

तपासनीस गाड्यांच्या विम्याचे दावे तपासत. 'माझी गाडी उभीच होती, भिंत येऊन आदळली' अशा आशयाचे कागद दिवसभर वाचायचे आणि खरंखोटं ठरवायचं. तीन महिन्यांपूर्वी त्यांना घरून काम करायची परवानगी मिळाली होती, पण चाचणीपुरती. आता सोमवारी अकरा वाजता साहेब व्हिडिओ कॉलवर त्यांची कामाची जागा बघणार होते. पसंत पडली तर परवानगी कायमची, नाहीतर मंगळवारपासून ऑफिस. आणि ऑफिस तर तपासनीसांना मुळीच नको होतं, कारण घरी दावे दुपारी दोनला संपत. दोन ते सहा ते कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळत.

हा गृहस्थ पडद्यावर ताशी अडीचशेच्या वेगानं वळणं घेई. खरी गाडी मात्र त्याला फाटकातून मागे घेता येत नसे. त्यात बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायच्या. सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणे. नवरा गाडी चालवायला बसला की त्या शेजारी बसून, नसलेला ब्रेक पायानं कचाकचा दाबत.

साहेबांनी फॉर्म पाठवला होता. त्यात 'कोणती साधने, व कशासाठी' असा रकाना होता. तपासनीसांनी टाकाने लिहावं तितक्या गंभीरपणे टाइप केलं: डावा मॉनिटर नवे दावे, मधला नियम, उजवा अपघाताचे फोटो. खाली आणखी एक वाक्य घातलं, 'तीन मॉनिटरांशिवाय हे काम अशक्य आहे.' आणि सही ठोकून दिली.

मग निवडीसाठी मेहुणा आला. मेहुण्याकडे स्वतःचा एक खिळखिळा लॅपटॉप होता, पण मॉनिटरांवरचे व्हिडिओ त्याने एकूण एक पाहिले होते.

"दाजी, माझं ऐका. एकच रुंद घ्या, वक्र."

"फॉर्मवर तीन लिहिलेत रे."

"मग तीन घ्या. पण कडा पातळ बघा हं. जाड असल्या तर समोरून येणारी गाडी कडेमागं लपते."

"ऑफिसच्या कामात कुठली गाडी येते समोरून?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

दोघेही खालच्या आवाजात बोलू लागले. चोवीस इंच की सत्तावीस, यावर चार दिवस गेले. सेकंदाला साठ चित्रं पुरतात की एकशे चव्वेचाळीस हवीत, यावर मेहुणा दोन वेळा रुसून घरी गेला. दावा वाचायला एकच चित्र लागतं आणि तेही हलून चालत नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

शनिवारी सत्तावीस इंची तीन मॉनिटर आले. टेबल चार फुटी. दोन मॉनिटर बसले, तिसरा हवेत. म्हणून जेवणाचं टेबल झोपायच्या खोलीत गेलं. ते कपाटाला टेकलं, त्यामुळे कपाटाचं दार चार बोटंच उघडू लागलं. मास्तरीणबाई तेवढ्या फटीतून हात घालून गणवेश बाहीला धरून ओढून काढत आणि नवरा-बायको ओट्याशी उभ्यानं जेवत.

"हे सगळं ऑफिससाठी," तपासनीस म्हणाले.

"ऑफिसला सांगा, माझी इस्त्री मोडते म्हणावं."

एवढं करून तिसऱ्या मॉनिटरची वायर ढिली निघाली. हात लावला की चालू, सोडली की बंद. शेवटी असं ठरलं, की तपासणीच्या वेळी मेहुण्यानं टेबलाखाली बसून वायर धरायची. रविवारी त्यानं सगळं 'सेट करून' दिलं, म्हणजे तिन्ही पडदे जोडून त्यांचा एक केला. का, तर शर्यतीत आजूबाजूचे आरसे दिसावेत म्हणून.

सोमवारी अकराला साहेब कॉलवर आले. खुर्ची बघितली, खिडकी बघितली, उजेड ठीक म्हणाले.

"आता मॉनिटर दाखवा."

तपासनीसांनी कॅमेरा फिरवला आणि दाव्यांची खिडकी उघडायला बटण दाबलं. नेमकं त्याच वेळी टेबलाखाली मेहुण्याला शिंक आली. वायर सुटली, परत लागली, त्या झटक्यात दाव्यांची खिडकी गडप झाली आणि आदल्या दिवशी थांबवून ठेवलेली शर्यत तिन्ही पडद्यांवर दिसू लागली. सहा फुटांची लालभडक गाडी, चाकं आभाळाकडे, बॉनेटमधून धूर. समोर टेबलाला शर्यत खेळायचं स्टिअरिंग बसवलेलं.

साहेब पडद्याजवळ वाकले.

"हे काय आहे?"

"अपघात, सर."

"तो दिसतोय. कुणाचा?"

"दावेदाराचा." जीभ एकदा घसरली की थांबते कुठे! "म्हणजे, दाव्यात लिहिलंय तसा अपघात मी इथं घडवून बघतो, सर. खरंच असा होऊ शकतो का ते कळतं. शिंकेचा आवाज... तो शेजारून आला."

साहेबांनी चष्मा काढला.

"वीस वर्षं झाली मला या खात्यात," ते म्हणाले, "पण कामावर इतकी माया करणारा माणूस नाही बघितला."

परवानगी त्याच दिवशी कायम झाली. तपासनीसांनी मेहुण्याला टेबलाखालून ओढून मिठी मारली. मंगळवारी सकाळी सगळ्या शाखांमधले चारशे बारा दावे त्यांच्याकडे आले. वर साहेबांची चिठ्ठी होती: 'प्रत्येक अपघात घडवून पाहावा व अहवाल द्यावा.'

लोकांचे अपघात काय अडीचशेच्या वेगानं होतात? स्कूटर फुटपाथला घासली. उभ्या गाडीचं दार उघडलं आणि सायकलवाला आदळला. टेम्पो मागे घेताना दुधाच्या गाडीला लागला. मेहुण्यानं खेळात टेम्पोही घालून दिला, आणि तपासनीस सकाळी नऊपासून ताशी पाच किलोमीटरनं तो मागे घेत. पाठ धरली, डोळे चुरचुरू लागले. सहा वाजता शर्यतीचं नुसतं चिन्ह दिसलं तरी त्यांना मळमळे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी साहेबांना अर्ज केला, 'मला ऑफिसात परत घ्या.' उत्तर तासाभरात आलं.

संध्याकाळी मास्तरीणबाई घरी आल्या तेव्हा तपासनीस टेबलावर डोकं टेकून बसले होते. बाईंनी पडद्यावरचं पत्र मोठ्यानं वाचलं.

"'आपण सहीनिशी कळवल्याप्रमाणे तीन मॉनिटरांशिवाय आपले काम अशक्य आहे. कार्यालयात माणशी एकच मॉनिटर आहे. सबब, विनंती अमान्य.'"

त्या इतक्या हसल्या की त्यांना पलंगावर बसावं लागलं.

"हसतेस काय? मेलोय मी इथं. हा टेम्पो सकाळपासून एकेचाळीस वेळा मागे घेतला. दर वेळी लागतोच दुधाच्या गाडीला."

"तुम्ही घेतल्यावर लागणारच." बाईंनी पदराने नव्हे, सरळ गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसले आणि जवळ आल्या. "अहो, आरसा कुठं बघताय तुम्ही? टेम्पोवाला असं वळवतच नाही. उठा. सरका तिकडं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, उंची नीट केली, डावा आरसा बघितला, उजवा बघितला, मग स्टिअरिंगला हात लावला.

"मी काय करू?" तपासनीसांनी विचारलं.

"मागे उभे राहा आणि 'येऊ द्या' म्हणा."

तपासनीस खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. "येऊ द्या," ते म्हणाले. "येऊ द्या, येऊ द्या... बस!"

टेम्पो दुधाच्या गाडीला जरासुद्धा न लागता अलगद आत जाऊन उभा राहिला.

"खोटा दावा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नाकारा. पुढचा आणा."