केळकरांचा रविवारचा अल्बम

टाळेबंदीत दर रविवारी सकाळी केळकर आम्हा आठ-दहा मराठी घरांना लॅपटॉपसमोर डोळे मिटून बसायला लावायचे. योगासाठी नव्हे हो! एका ब्रिटिश ब्लूज-रॉक बँडचा पहिलावहिला अल्बम ऐकायला. दर रविवारी तोच.

केळकर माझ्या इथल्या डच ऑफिसातले, राहायला अ‍ॅमस्टेलव्हीनला. बायको आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली आणि विमानं बंद झाली म्हणून तिकडेच अडकली. घरात हे, एक रेकॉर्ड प्लेअर आणि ती एकुलती एक तबकडी. दटावून बंद करायला बायको नाही, तेव्हा स्वारी आमच्या डोक्यावर बसली. कुणालाच कुठे जायचं नव्हतं, त्यामुळे सबबही मिळेना.

"हे ऐकायचं नसतं, भोगायचं असतं," हे त्यांचं पालुपद. भोगायचो मात्र आम्ही. नियम सगळे शास्त्रीय मैफलीचे. मध्ये उठायचं नाही, चहा मध्यंतरातच, आणि गिटारचा तुकडा संपून केळकर "वाहवा" म्हणाले की दाद द्यायचीच. मी एकदा हळूच भेंडी चिरायला घेतली, तर भर बैठकीत म्हणाले, "दळवी, तुमचे कान म्हणजे नुसत्या चष्मा अडकवायच्या खुंट्या!"

आता खरी गंमत ऐका. त्या व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपला गाणं म्हणजे गोंगाट वाटायचा. माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवायचं, बाकी सगळं गाळून टाकायचं. त्यामुळे केळकरांचं "आता डोळे मिटा" अगदी स्वच्छ ऐकू यायचं, आणि मग सामसूम. मधूनच मोरी तुंबल्यासारखं गुडगुड. आम्ही बहुतेक सगळे आयटीवाले, पण जो बोलेल तो गाण्यातला अडाणी ठरेल, म्हणून कोणी तोंड उघडेना. हूफडॉर्पचे कुलकर्णी तर गहिवरून म्हणायचे, "बेस काय खोल लागलाय!" टिलबर्गची संशोधक बाई मान डोलावता डोलावता चक्क झोपायची. एवढी एकमुखी दाद त्या बँडला खुद्द इंग्लंडातही मिळाली नसेल.

मिळाली नव्हतीच. एकदा मी तो अल्बम इंटरनेटवर शोधून हेडफोन लावून ऐकला. गायक दारात बोट चेमटल्यासारखा ओरडतो, आणि गिटारवाला त्याला सोडवायचं सोडून स्वतःच्याच नादात. खाली श्रोत्यांचे शेरे. कुणी म्हणतंय दुसरा काढू नका, कुणी म्हणतंय पहिलाही परत घ्या. असल्या भिकार अल्बमपायी आमचे रविवार गेले! माझं डोकंच सणकलं.

त्याच आठवड्यात भारतीय दुकानाबाहेरच्या रांगेत केळकर भेटले. तोंडाला मास्क, हातात दुकानाच्या कोविड-नियमाची सक्तीची ट्रॉली, मध्ये दीड मीटर अंतर. "परवा दाद कमी पडली तुमची," म्हणाले.

झालं! मी सगळ्यांदेखत सुनावलं, "अहो, कसली दाद? आजवर एकाही रविवारी कुणाला एक सूर ऐकू आलेला नाही! साधं एक सेटिंग बदलायचं असतं, तेवढं कळत नाही तुम्हाला?"

केळकर ट्रॉलीचा दांडा पुसत राहिले.

"माहितीये," ते म्हणाले. "पहिल्या रविवारी बायकोही पुण्याहून बैठकीत होती, तिनं लगेच फोन करून सांगितलं."

"मग बदललं का नाहीत?"

"बदललं असतं तर तुम्हाला ऐकू आलं असतं ना! मग पुढच्या रविवारी कोण आलं असतं?"

मला एकदम गलबलून आलं. केळकर खाली बघत म्हणाले, "तासभर घरात माणसं दिसतात हो."