अब्बासचाचांचा बिगोनिया

अब्बासचाचांच्या घरी तहान लागली तरी फ्रिज आपल्या हाताने उघडायचा नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी उघडला, तर चाचा सोफ्यावरून ओरडले, "अरे, सावकाश! खालच्या कप्प्यात झोपलेत ते."

कोण झोपलंय म्हणून वाकून पाहिलं. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी एक डबी, डबीत ओलसर माती आणि मातीत वाटाण्याएवढे चार कंद. बिगोनियाचे.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागात माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. तीस वर्षं त्यांनी इथले एसी दुरुस्त केले. हा बिगोनिया थंड मुलखातला. हिवाळाभर गारठा मिळाला, तरच वसंतात कोंब धरणार. दोह्यात गारठा कुठून आणायचा? "गारठा म्हणजे आपला धंदा," चाचा म्हणाले.

मार्चमध्ये चारपैकी तीन कंद उगवले. कुंड्या आतल्या खोलीत गेल्या, उत्तरेच्या खिडकीशी, पडद्याच्या सावलीत, एसी बावीसवर. चाचा स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली घाम पुसत झोपायचे. मी दारात जरा रेंगाळलो की, "यल्ला, आत ये नायतर बाहेर जा! कतार आत शिरतोय."

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी सकाळी बेल वाजली. चाचा छातीशी कुंडी धरून उभे.

"एसीचा कंप्रेसर खलास. पार्ट उद्या मिळेल. तुझी बेडरूम दे."

त्या दिवशी सुट्टी असूनही माझी ऑनलाइन मीटिंग होती. मी स्वेटर घालून बसलो आणि चाचा पाठीमागे कुंड्यांवर पाण्याचा फवारा मारत राहिले. साहेबांनी विचारलं, "मागे कोण आहे?" मी उत्तर देण्याआधीच चाचांनी त्यांना सलाम केला.

मीटिंग संपल्यावर मी वैतागून म्हणालो, "चाचा, एवढी हौस आहे तर बाल्कनीत मोगरा लावा ना!"

"मला झाडांची कसली हौस?" चाचा हसले. "गावी अम्मी ओरडायची, तरी मी माडाला पाणी घालायचो नाय." मग एका पानाची लाल शीर न्याहाळत म्हणाले, "शबाना, माझी लेक, इंग्लंडला असते. तिची झोया सात वर्षांची. मराठी समजते, पण बोलत नाय. फोनवर नुसतं हाय नाना, बाय नाना. गेल्या साली गेलो तेव्हा तिनेच भिंतीच्या सावलीतलं आपलं झाड दाखवलं, हे कंद दिले. आता दर जुम्म्याला पानं मोजायला फोन करते."

तेवढ्यात फोन आलाच. चाचांनी घाईघाईने कॅमेरा कुंडीकडे वळवला.

"नाना, नॉट द प्लांट," झोया म्हणाली. "दॅट्स नॉट युवर रूम. आर यू ओके?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मला इंग्रजी कळत नसावं अशा थाटात म्हणाले, "विचारतेय, नाना, तू बरा आहेस ना."

मग माझ्या पलंगावर बसून, फोन दोन्ही हातांनी धरून, ते तिला कंप्रेसर म्हणजे काय ते मराठीत समजावू लागले.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. तो मला तीनदा गरम करावा लागला.