नवाबच्या पोटातली चौकशी

हंसाबाईची अंगठी बैलानं गिळली तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजले होते आणि प्रयोगाचा विसावा दिवस होता. एकविसाव्या दिवशी प्रयोग संपायचा होता.

विद्यापीठाच्या नोंदवहीत हा बैल 'बैल क्रमांक चार' होता. पण दिवसभर बसून खायचं आणि नांगराचं तोंडही पाहायचं नाही, असा त्याचा दिनक्रम असल्यामुळे त्याची देखभाल करणाऱ्या हरिसिंगनं त्याचं नाव नवाब ठेवलं होतं. यवतमाळहून लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नागपूरच्या एका पशुवैद्यकीय कॉलेजनं टिनाची शेड टाकून संशोधन केंद्र काढलं होतं. एक बैल, एक गडी आणि एक लेक्चरर, एवढाच त्या केंद्राचा पसारा. लेक्चरर म्हणजे पुंडलिकराव गावंडे. एरवी ते नागपूरला जनावरांचं शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायन शिकवत. "जनावर खातं काय आणि त्या खाल्ल्याचं होतं काय, एवढाच आपला विषय," असं ते वर्गात सांगत. वर्गात चाळीस मुलं असत. आजवर एकानंही त्यांना प्रश्न विचारला नव्हता.

नवाबची खरी ओळख त्याच्या डाव्या कुशीला होती. तिथं शस्त्रक्रिया करून नारळ आत जाईल एवढी खिडकी पाडलेली होती आणि तिला रबरी बूच होतं. बूच काढलं की पोटातला चारा कसा आंबतो, ते सरळ हात घालून पाहता येई. नवाबला त्याचं काहीच वाटत नसे. खिडकी उघडी असतानाही तो डोळे मिटून रवंथ करी.

त्याला सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आणि तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, तोलून घालायचं, ठरल्या वेळी पोटातला रस काढायचा आणि त्यातली आम्लं मोजायची, हा पुंडलिकरावांचा प्रयोग. शेवटच्या दिवशी मोजणी पाहायला त्यांचे मार्गदर्शक डॉ. भगवानराव देशकर स्वतः नागपूरहून येणार होते. त्यांनी पत्रात शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'केंद्र चालू ठेवायचे की बंद करायचे, ते याच भेटीत ठरवीन. गावातल्या एकाही शेतकऱ्याला या केंद्राचा उपयोग झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.' ते वाचल्यापासून पुंडलिकरावांना स्वतःचं जेवण पचत नव्हतं.

आणि नेमका आज हरिसिंग रसाच्या बाटल्यांसाठी बर्फ आणायला यवतमाळला गेला होता. ढेप-कुटार कालवायचं काम त्याच्या बायकोवर आलं. हंसाबाई कालवून उठली, हात धुतले आणि किंचाळली.

"डाक्टरसाहेब, माही अंगठी! याच्या पोटात गेली!"

"कशावरून?"

"बोटात नाई, घमेल्यात नाई, गव्हाणीत नाई. मंग काय उडून गेली? रुपया बसवलेली व्हती. माह्या याडीनं, मायनं, लग्नात घातलेली. काढा आताच्या आता."

"आता नाही काढता यायची, हंसाबाई. दहाचा नमुना घ्यायच्या आत खिडकी उघडली तर हवा आत जाईल. वीस दिवसांची मेहनत फुकट."

"तुमची वीस दिवसाची मेहनत, अन माहं वीस वर्साचं सौभाग्य!"

"अंगठीचा आणि सौभाग्याचा काय संबंध?"

"ते हरिसिंग आल्यावर त्यालेच इचारा," हंसाबाई म्हणाली आणि नवाबसमोर फतकल मारून बसली. नवाबनं तिच्याकडे पाहून शांतपणे एक ढेकर दिला.

पुंडलिकराव माणूस मऊ होते. दहाचा नमुना त्यांनी नळीनं घेतला, बाराचाही घेतला. पण समोर बसलेल्या हंसाबाईचे डोळे त्यांच्याकडून हलेनात. अखेर दोनच्या नमुन्याला त्यांनी बाही खांद्यापर्यंत दुमडली, हाताला साबण लावला आणि हात आत घातला. बैलानं गिळलेली धातूची वस्तू पोटाच्या पुढच्या कप्प्यात जाऊन बसते. तो कप्पा आतून मधमाशीच्या पोळ्यासारखा असतो. हे ते आठ वर्षं फळ्यावर काढून दाखवत होते. आज मात्र बोटं चाचपडत तिथवर पोचली आणि खरोखरच काहीतरी गोल हाताला लागलं.

अंगठी निघाली. हंसाबाईनं ती धुतलीसुद्धा नाही, तशीच कपाळाला लावली. अंगठीबरोबर एक लहानशी किल्लीही निघाली होती.

"अगं बाई, हे तं वच्छलाबाईच्या पेटीची!" हंसाबाई ओरडली. "पंधरा दिवसापासून धुंडून राह्यली थे!"

रस्त्यापलीकडे राहणाऱ्या वच्छलाबाई धावत आल्या. किल्ली त्यांचीच होती. त्यांच्या वावरातलं कुटार केंद्रात आलं, त्यात ती आली असावी. दोनच्या नमुन्याच्या मोजणीत पुंडलिकराव इतके गुंतले होते, की वच्छलाबाई जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हाका मारून ही बातमी सांगत गेल्या, हे त्यांना ऐकूच आलं नाही.

चार वाजता रामराव आले. मोठे कास्तकार, बोलायला सरळ. "गावंडेसाहेब, माहा चष्मा पाहा जरा."

"कुठं आहे?"

"ते तुमचा बैलच सांगन. खळ्यावर तूर काढतानी हरपला. कुटार तुमाले देल्लं."

"रामराव, बैल चष्मा कसा खाईल?"

"किल्ली कशी खाल्ली?"

या प्रश्नाला शरीरक्रियाशास्त्रात उत्तर होतं, पण ते रामरावांच्याच बाजूचं होतं. बैल चारा चावून पाहत नाही, जिभेनं ओढतो आणि गिळतो. पुंडलिकरावांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तीच त्यांची चूक झाली. रामरावांनी मागं वळून जमलेल्या लोकांना सांगितलं, "पाहा, साहेबच म्हनून राह्यले. ह्यो काईबी गिळते!"

मग माणसांचा लोंढाच सुरू झाला. केंद्रानं दहा गावांतून कुटार गोळा केलेलं होतं आणि दहा गावांत खळ्यावर काही ना काही हरवलेलं होतं. कुणाचं कानातलं, कुणाचा अडकित्ता, कुणाच्या पोराचा पितळी भोवरा. ढाणकीहून लेकीकडे पाहुणे आलेले धावजी नावाचे म्हातारे लेकीच्या खळ्यावर हरवलेला पितळी लोटा मागायला लागले.

"बाबा, लोटा बैलाच्या घशात मावणार नाही हो," पुंडलिकराव काकुळतीनं म्हणाले.

"पाह्यलं तं काय जाते तुमचं? हात तं घालनच हाय."

एवढ्यात हरिसिंग बर्फ घेऊन परतला. बायकोच्या बोटातली अंगठी पाहून आणि दारातली गर्दी पाहून त्यानं सगळा प्रकार ओळखला. "साहेब, हे लोक असे जात नाईत. यायले नंबर देतो. नंबर भेटला का मानूस घरी जाते."

"दे, काहीही दे. फक्त उद्या सकाळी इथं कुणी नको."

हरिसिंगनं नंबर दिले. लिहायला कागद सापडेना, म्हणून टेबलावरची वही घेतली. त्यानं सगळ्यांना बजावून सांगितलं, "उद्या बराबर नऊ वाजता या. मोठे साहेब नागपूरहून यिऊन राह्यले. थे सोता हात घालनार हायेत."

दुसऱ्या दिवशी डॉ. देशकरांची जीप आली तेव्हा शेडसमोर साठ माणसं ओळीनं बसलेली होती. पागोटी, टोप्या, नऊवारी लुगडी, तांड्यावरच्या बायकांचे आरसे लावलेले घागरे. कुणी भाकर बांधून आणली होती.

डॉ. देशकर जीपमधून उतरले आणि तिथंच उभे राहिले. "गावंडे, हे काय आहे?"

"सर, हे... शेतकरी आहेत."

"ते दिसतंय मला. आलेत कशासाठी?"

"बैलाच्या पोटात काय आहे ते पाहायला," पुंडलिकराव म्हणाले. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

डॉ. देशकरांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी चष्मा पुसला. "साठ शेतकरी? रवंथाची क्रिया पाहायला? गावंडे, नागपूरला मी जाहीर व्याख्यान दिलं, तेव्हा सातजण आले होते. त्यातले दोघं पंखे लावणारे होते." आणि पुंडलिकरावांनी तोंड उघडायच्या आत ते ओळीपुढे जाऊन उभे राहिले आणि बोलू लागले.

ते चाळीस मिनिटं बोलले. चार कप्पे, त्यातले सूक्ष्मजंतू, आंबणं, आम्लं. लोक हूं की चूं न करता ऐकत होते. पूजेआधी पोथी वाचतात तसं हेही असणार, अशी त्यांची समजूत होती. मध्येच रामरावांनी हात जोडले, तर सगळ्यांनी जोडले.

मग दहा वाजले. डॉ. देशकरांनी कोट काढला, बाही दुमडली आणि हात नवाबच्या कुशीत घातला. साठ माणसं एकदम उभी राहिली.

"आता तुम्हाला आतला चारा काढून दाखवतो," डॉ. देशकर म्हणाले. त्यांनी हात बाहेर काढला. तळव्यावर चारा होता आणि चाऱ्यात एक शिंपल्याचं बटण.

"माह्या सदऱ्याचं!" मागून आवाज आला.

डॉ. देशकरांनी दचकून पुन्हा हात घातला. यावेळी एक खिळा निघाला.

"कोनाचा हाय? हात वर करा!" हरिसिंग ओरडला. कुणीच हात वर केला नाही. "बेवारशी," तो म्हणाला आणि वहीत लिहिण्यासाठी वाकला.

डॉ. देशकरांचा उजवा हात तोवर पुन्हा आत गेला होता; डाव्या हातानं त्यांनी ती वही ओढून घेतली. पुंडलिकरावांनी डोळे मिटले. 'पोटातील घटक' या मथळ्याखाली त्यांच्या सुबक अक्षरात ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं लिहिलेली होती. त्यांच्याच खाली हरिसिंगचं अक्षर सुरू होत होतं. डॉ. देशकर मोठ्यानं वाचू लागले.

"चष्मा, एक काडी तुटलेली, रामराव. अडकित्ता. भोवरा. लोटा, पितळी, मोठा, धावजी." ते थांबले. "गावंडे, लोटा?"

पुंडलिकरावांनी मग सगळं सांगून टाकलं. अंगठी, किल्ली, नंबर, काहीही लपवलं नाही. सांगताना त्यांना रडू येतंय की हसू, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. "सर, केंद्र बंद करा, माझी हरकत नाही. पण मोजणी चोख आहे. ठरल्या वेळेशिवाय खिडकी उघडलेली नाही."

डॉ. देशकरांचा हात अजून बैलाच्या पोटातच होता. रागावायचं म्हणून त्यांनी तो झटक्यानं बाहेर काढला, तर बोटांना एक वीतभर तार अडकून आली. गंजलेली, एका टोकाला सुईसारखी.

लोट्याचे धावजी म्हातारे ओळ सोडून पुढं आले. त्यांनी तार हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

"साहेब, एक इचारू काय? माहा सर्जा बैल गेल्ता दोन वर्सामागं. चारा सोडला व्हता त्यानं. चढावर चांगला चाले, अन उतारावर लागला का कन्हे. आमी देवाचं केलं, धर्माचं केलं. त्याच्या पोटात असंच असन काय?"

डॉ. देशकरांनी हातही पुसला नाही. ते म्हाताऱ्यासमोर उकिडवे बसले.

"पुढचे कोपर बाहेर काढून उभा राहायचा का हो?"

"व्हय. तसाच उभा राहे. तुमाले कसं ठाव?"

"तारच होती, बाबा. तार बसते त्या पुढच्या कप्प्याच्या पलीकडे, चार बोटांवर काळीज असतं. उतारावर तार पुढं सरकते आणि टोचते. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं."

धावजींनी मान हलवली. दोन वर्षांनी त्यांना कुणीतरी हे सांगितलं होतं. "मंग थे लोट्याचं राहू द्या," ते म्हणाले. "लोटा भेटन कुठंबी."

आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. माही गाय माती काहून चाटते? ढेप जास्त देल्ली तं वासराले हगवण कायले लागते? कापसाच्या गठाणीची तार कुटारात येते, थे काढाची कशी? हंसाबाईनं विचारलं, नवाबला रात्रीचं सपन पडते काय. डॉ. देशकर आणि पुंडलिकराव आळीपाळीनं उत्तरं देत होते, मध्येच एकमेकांना दुरुस्त करत होते. बाराचा नमुना घ्यायची वेळ झाली, हे हरिसिंगनं आठवण करून दिल्यावरच दोघांच्या ध्यानात आलं. आकडे सुंदर आले. इतके, की डॉ. देशकरांनी ते दोनदा तपासले.

दुपारी निघताना त्यांनी पुंडलिकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "केंद्र राहील. दर गुरुवारी असा वर्ग घ्यायचा. आणि एक मोठं लोहचुंबक पाठवतो. कुटार त्याच्यावरून फिरवल्याशिवाय बैलापुढं टाकायचं नाही. वर्गात कधी एवढे प्रश्न आले होते का हो तुम्हाला?"

"एकही नाही, सर."

"मलाही नाही," डॉ. देशकर म्हणाले आणि जीपकडे गेले.

जीप सुरू झाली, दहा पावलं गेली आणि थांबली. डॉ. देशकर खाली उतरले. पुंडलिकराव टेबलाशी बाटल्या आवरत होते, तिकडे एक नजर टाकून ते शेडच्या मागच्या बाजूनं हरिसिंगजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे पाहा, गेल्या पौषात आम्ही रामरावांच्या वावरात हुरड्याला आलो होतो. खळ्याच्या शेजारीच बसलो होतो. तिथं माझी टायपिन पडली. चांदीची आहे, सासऱ्यांनी दिलेली. घरी अजून सांगितलेलं नाही."

हरिसिंगनं वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहून घेतलं.

"एकसष्ट नंबर, साहेब," तो म्हणाला. "बसा तिकडं, ओळीत. लोट्यावाला उठला, त्याची जागा खाली हाय."