एवारिस्तो यांनी एका चित्राची तीन केली, त्याची हकीकत

श्रीवाणीस दंडवत, पांढऱ्या पडद्यास दंडवत, आणि पडद्यापुढे शेंगदाणे फोडीत बसते त्या थोर प्रजेस त्रिवार दंडवत. शके अठराशे त्र्याऐंशी, प्लवनाम संवत्सरी, पाताळखंडी मेक्सिको मुलुखी एवारिस्तो सुनिगा म्हणोन चित्रपटांचे लेखक होते. त्यांस काय मिळवावयाचे होते, ते आधी सांगतो: एक कापडी खुर्ची, आणि तीत बसोन ‘दिग्दर्शक’ म्हणवून घेण्याचा मान. बावीस चित्रे त्यांनी लिहिली आणि बावीसही दुसऱ्यांनी त्या खुर्चीत बसोन चालविली. कारण राज्यात दिग्दर्शकांचा थोरला संघ होता, मोठे चित्र त्यातील मानकऱ्यानेच चालवावे, एक मानकरी वारला तरच एक नवा आत घ्यावा ऐसी तेथील चाल, आणि मानकरी सारे पथ्यपाणी सांभाळोन असत. एवारिस्तो दर नाताळास संघाचे म्होरके वृद्ध फाकुन्दोजी यांचे भेटीस जात आणि प्रकृती पुसत. “ठणठणीत आहे हो,” म्हातारबोवांनी हसोन म्हणावे, “तुमच्याइतक्या आस्थेने तर आमचे लेकही पुसत नाहीत!”

मग तेविसावी कथा एका विधवेची सुचली, ती कोणास द्यावयाची नाही ऐसा निश्चय जाहला. धाकटा संघ अर्ध्या तासाच्या चित्रांचा, तेथे कोणासही मुभा, मात्र एका असामीने साली एकच चित्र करावे. सबब एवारिस्तो यांनी दीड तासाच्या कथेचे तीन तुकडे केले, प्रत्येकाशेवटी ‘समाप्त’ घातले, आणि पहिल्यावर आपले, दुसऱ्यावर पत्नी कासिल्दाबाई यांचे, तिसऱ्यावर मेहुण्याचे नाव लाविले, आणि चालवावे तिन्ही आपणच, मागाहून जोडोन टाकावे, ऐसा बेत केला. पहिले पार पडले. दुसऱ्याचे वेळी फाकुन्दोजींस वास लागला आणि ते तिवई घेऊन चित्रीकरणाचे गावी येऊन तीन दिवस बसते जाहले.

“बाई, हे चित्र तुमचे?”

“माझेच.”

“आणि ते गृहस्थ?”

“गाढव धरावयास ठेविले आहेत,” कासिल्दाबाई बोलिल्या, आणि एवारिस्तो दावे धरोन उभे राहिले; चित्र बाईंसच चालविणे प्राप्त जाहले. मग विधवेने थडग्यावर पडोन आक्रोश करावयाचा प्रसंग आला, आणि बाईंनी हात वर केला. “हे भाषण काढा. हिने नुसत्या मिरच्या निवडाव्या.”

“चार पाने आहेत ती!” गाढवाआडून आवाज आला.

“ठाऊक आहे. बावीस चित्रांच्या प्रती मीच उतरविल्या, त्यात ही विधवा सात वेळा रडली आहे.”

“गाढववाल्यास कथेतले फार कळते हो,” फाकुन्दोजी म्हणाले, आणि तिवई पुढे ओढोन पाहू लागले.

मग तिसरे एवारिस्तो यांनी चालविले, आणि तिन्ही जोडोन प्रजेस दाखविले. पहिल्या तुकड्यास लोक जांभया देत होते, तिसऱ्यास उठोन चालले, आणि मधल्यास मिरच्या निवडल्या जात असता शेंगदाणा फुटल्याचा आवाज नाही. फाकुन्दोजींनी न मरताच आपली जागा सोडिली आणि कासिल्दाबाईंस संघात बसविले. एवारिस्तो आठ दिवस लेखणीस शिवले नाहीत. नवव्या दिवशी बाईंनी पुसिले, “अहो, पुढची कथा लिहाल ना? तुमच्यावाचून मी काय चालवू?” ते दौत उघडीत म्हणाले, “किती पानांची?”

एकूण मजकूर येणेप्रमाणे: खुर्ची कासिल्दाबाईंस मिळाली, म्हातारबोवांस विश्रांती, प्रजेस अर्धा तास बरा गेला. त्या खुर्चीचे मोल एवारिस्तो यांनी आपला मान देऊन भरिले. अर्धे, ऐसे ते म्हणत. सगळे, ऐसे कासिल्दाबाई म्हणत.